ह्यांची होडी

तो खोका माझ्या नावाने आला होता. मुलीने पुण्याहून पाठवला होता, माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून. आत काळा रंग दिलेली लाकडी पाटी, बारीक खिळ्यांची पुडी, एक छोटी हातोडी, रंगीत दोऱ्यांची रिळं आणि बदामाची आकृती छापलेला कागद. कागदावरच्या ठिपक्यांवर खिळे ठोकायचे, मग कागद फाडून काढायचा आणि एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर दोरा ओढत ओढत चित्र भरायचं. "आई, तुला भरतकाम आवडतं ना? हे करून बघ. स्ट्रिंग आर्ट म्हणतात ह्याला," मुलगी फोनवर म्हणाली.

पण माझा वाढदिवस येतो ऐन मे महिन्यात. गावच्या कलमांचे आंबे उतरवून आणलेले, त्यातले डागी बाजूला काढायचे, रस आटवायचा, गच्चीत आंबापोळीची ताटं वाळत घातलेली आणि कावळ्यांवर एक डोळा. मी खोका कपाटावर ठेवून दिला. एका दुपारी गच्चीतून खाली येते, तर टक, टक, टक असा आवाज. हे, म्हणजे माझे यजमान, गॅलरीत मांडी घालून बसलेले आणि पुढ्यात माझा खोका उघडलेला.

"अहो, ते माझं आहे."

"हो गं, पण तुला वेळ कुठे आहे? मी नुसतं बघतोय कसं करतात ते."

ह्यांनी जन्मात कधी खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर अडकवायचं झालं तरी मी शेजारच्या भाऊजींना हाक मारायची. सरकारी कचेरीत कारकुनी करून हे निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून पेपर वाचून झाला की घरभर फिरत असायचे. मी मात्र कळायला लागल्यापासून हातात सुई धरलेली. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, उशांचे अभ्रे, साड्यांवरचं भरतकाम. आमच्या आळीतल्या कितीतरी लग्नांची रुखवतं माझ्या हातची. त्यामुळे खोका ह्यांनी उघडला म्हणून मी चिडले खरी, पण आतून निवांत होते. चार दिवसांत कंटाळतील, मग मी आहेच.

बदाम तयार झाला. एका बाजूने फुगलेला, दुसऱ्या बाजूने बसका. "छान झालाय," मी म्हटलं. लहान मुलाने पाटीवर गिरवलेलं अक्षर बघून म्हणावं तशा आवाजात. हे खूश झाले. खरं तर मीच जास्त खूश झाले होते.

ह्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी हे राम आळीत गेले आणि दुकानातून चुका घेऊन आले. चुका म्हणजे बारीक खिळे, दुकानात हाच शब्द चालतो. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा कापून आणला, त्याला काळा रंग दिला. मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे. सकाळी मासे आणायच्या निमित्ताने मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचे ते ऊन चढल्यावर घरी यायचे, पिशवीत मूठभर मांदेली आणि खिशातल्या कागदावर पेन्सिलीने काढलेल्या होड्या. पावसाळा सुरू झाला तशी टकटक गॅलरीतून हॉलमध्ये आली. मी सुपारी कातरत बाजूला बसून बघायची. कुठली चूक वाकडी बसलीय, कुठे दोरा सैल पडलाय, मनातल्या मनात सगळं टिपून ठेवायची.

आणि मग ती होडी पुरी झाली. काळ्या पाटीवर पांढऱ्या दोऱ्यांची होडी, खाली पाण्यात तिची सावली. सावलीतले दोरे ह्यांनी मुद्दाम विरळ ठेवले होते, त्यामुळे पाणी हलतंय असं वाटत होतं. मी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तिथेच उभी राहिले. होडी चांगली झाली होती. नुसती बरी नव्हे, चांगली. इतकी वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं, ते नाकारता येत नाही. होडी वाईट झाली असती, तर मी मनापासून कौतुक केलं असतं.

"कशी वाटते?" ह्यांनी विचारलं.

"भिंतीला भोकं पाडू नका म्हणजे झालं," मी म्हटलं.

होडी हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर लागली. पहिलं कौतुक केलं आमच्या मासेवालीने. ती दारातच माशांची पाटी उतरवते. वर बघून म्हणाली, "अरे देवा! ही तर आमचीच होडी! काका, तुमी केलीव?" हे लाजले. लाजले! त्या दिवशी तिने वाट्यावर दोन बांगडे जास्त टाकले. मी तिच्याकडून कधीपासून मासे घेतेय. एका बांगड्यासाठी तिच्याशी किती हुज्जत घातली असेल, कधी शेपटीसुद्धा वर दिली नाही. बांगड्यांचं तिखलं उत्तम झालं होतं, पण मी त्या दिवशी लोणच्याशी भात खाल्ला.

गणपतीत तर कहरच झाला. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. दर्शनाला आळीतली माणसं येतात, ह्यांचे जुने सहकारी येतात, मुंबईचे चाकरमानी येतात. मखराला लावायला मी नवीन तोरण केलं होतं, मोत्यांचं, मधे लाल मण्यांची जास्वंदीची फुलं. आषाढापासून डोळे फोडून केलेलं. माणसं यायची, गणपतीला हात जोडायची, वळायची आणि समोर होडी.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"हाताने?"

"एकेक खिळा ठोकून?"

मग हे सांगायला लागायचे. आधी कागद कसा चिकटवायचा, चुका सगळ्या एका उंचीच्या कशा ठेवायच्या, पहिली गाठ कुठे मारायची. मी मोदकांचं ताट घेऊन प्रत्येकापुढे उभी राहायची. मोदक उचलतानासुद्धा त्यांची नजर भिंतीकडे असायची. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "भाग्यवान हो तुम्ही, घरात कलाकार आहे." मी हसले. हसताना माझे दात दिसले असतील, तेवढंच. त्या वहिनींच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं अख्खं रुखवत मी केलं होतं, साखरेच्या तुळशीवृंदावनासकट.

ह्याला राग म्हणत नाहीत, एवढं मला कळत होतं. रागाला काहीतरी कारण लागतं. ह्यांनी माझं काय बिघडवलं होतं? उलट निवृत्तीनंतर घरात कुढत बसलेला माणूस शीळ घालत कामाला लागला होता. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कोणी होडीकडे बघितलं की माझ्या छातीत काहीतरी तडतडायचं, फोडणीत मोहरी उडावी तसं. हेवा. शेजारणीचा वाटला असता तर समजण्यासारखं होतं. नवऱ्याचा हेवा वाटतो हे सांगायचं तरी कोणाला?

मग ते बाहेर यायला लागलं, पण वेगळ्याच गोष्टींवरून. लाकडाचा भुसा पायाला लागतो. टकटकीने डोकं उठतं. एकदा माझ्या रेशमी लडींचा डबा उघडा दिसला. त्यातली राणी रंगाची लड अर्धी झाली होती.

"ही कोणी घेतली?"

"मी घेतली. थोडीशीच. नव्या होडीच्या शिडाला एक रेघ हवी होती."

"साडीच्या काठासाठी ठेवली होती मी ती. हा रंग आता मिळत नाही."

"अगं, साडीवर काढलेलं कोण बघणार? इथे भिंतीवर सगळ्यांना दिसेल."

हे सहज बोलून गेले. त्यांना त्यात काही लागेल असं वाटलंच नसणार. मी डबा उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. दोन दिवस मी फक्त "जेवायला या" आणि "गॅस संपलाय" एवढंच बोलले.

दिवाळीनंतर ह्यांना बाहेरचं काम मिळालं. गणपतीत दर्शनाला आलेल्या कोणाच्या तरी मेव्हण्याने गणपतीपुळ्याला नवीन लॉज बांधलं होतं. त्याला तिथल्या काउंटरमागे लावायला मोठं चित्र हवं होतं, समुद्रात मावळणारा सूर्य. हे हरखून गेले. एवढी मोठी पाटी दारातून आत येईना, तेव्हा शेजारचे भाऊजी आणि हे दोघांनी ती आडवी करून आणली.

भिंतीवरच्या होडीत रंग नव्हते, म्हणून ती जमली होती. सूर्याला रंग लागतात आणि ह्यांना रंग कळत नाहीत. दोऱ्याच्या चित्रात एका रंगावर दुसरा रंग येतो, खालचा वरच्यातून दिसत राहतो. म्हणून मळकट रंग आधी घालायचे, उजळ मागून. ह्यांनी नेमकं उलटं केलं. आधी पिवळा भरला, वर टोमॅटोसारखा लाल आणि त्यावर जांभळा. सूर्याचं पार ऑम्लेट झालं. ह्यांनाही काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. दोरा गुंडाळायचे, लांब जाऊन बघायचे, पुन्हा उलगडायचे. शेवटी मला म्हणाले, "तू सांग ना, ह्याच्यात कुठला रंग घालू?"

मला माहीत होतं. पाहिल्यापासून माहीत होतं. पण मी तांदूळ निवडत होते, त्यातून मान वर केली नाही.

"मला काय कळतं त्यातलं? कलाकार तुम्ही."

हे पाटीकडे परत गेले. पुन्हा दोरा गुंडाळायला लागले. त्या संध्याकाळी कधी नव्हे ते मला स्वयंपाक करताना गाणं सुचत होतं.

सूर्य तसाच पुरा झाला आणि टेम्पोतून गणपतीपुळ्याला रवाना झाला. तो भिंतीवर लावताना आम्ही दोघांनी यावं असा त्या लॉजवाल्याचा आग्रह होता. आम्ही स्कूटरवरून गेलो, आधी दर्शन घेतलं, मग लॉजवर. माझी खात्री होती की तो माणूस नाक मुरडेल. त्याने चित्र बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "काका, काय काम केलंत! नजर हटत नाही." कोल्हापूरकडची काही मंडळी खोलीची किल्ली घ्यायला आली होती. त्यांच्यातल्या मुली लगेच चित्रापुढे उभ्या राहून फोटो काढायला लागल्या, एकीने ह्यांनाही मधे ओढलं. मी नारळाची पिशवी हातात धरून बाकावर बसले होते.

चांगल्या होडीचं कौतुक मी कसंबसं सोसलं होतं. ह्या ऑम्लेटचं मला सोसवेना.

"सूर्य जरा चपटा झालाय," मी मोठ्याने म्हटलं. "रंगांचा क्रम चुकलाय. खालचा वर आणि वरचा खाली."

त्या मुलींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. लॉजवाला उगाच हसला. ह्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नेहमीचाच होता. "बरोबर आहे हिचं," हे म्हणाले. "रंगांची नजर हिची माझ्यापेक्षा चांगली आहे. पुढच्या वेळी तसं करू."

"मी विचारूनही हिने सांगितलं नाही," असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. चहा आला, तो मला कडू लागला.

परत येताना आरे-वाऱ्याच्या चढावर ह्यांनी स्कूटर बाजूला घेतली. खाली आरे आणि वारे, दोन्हीकडचे किनारे दिसत होते. समुद्राला ओहोटी होती. हे कठड्यावर बसले.

"तुला कसला राग आलाय ते एकदाचं सांगून टाक."

"खोका माझा होता."

"दुसरा मागवू?"

"मला खोका नकोय."

"मग?"

मी एकदम बोलले, "माणसं माझ्या तोरणासमोर हात जोडतात आणि वळून तुमची होडी बघतात. मी इतकी वर्षं करतेय, कोणी एवढं थांबून बघितलं नाही. तुम्ही काल हातोडी धरलीत आणि कलाकार झालात. आणि ती होडी खरंच चांगली आहे, ते जास्त लागतं."

हे हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. समुद्राकडे बघत म्हणाले, "तुझी रुखवतं हॉलवर कोण पोचवायचं?"

"तुम्ही."

"रिक्षात मांडीवर घेऊन. साखरेचं तुळशीवृंदावन मोडू नये म्हणून श्वास रोखून बसायचो. तिथे पोचलं की सगळ्या बायका तुझ्याभोवती. हे कसं केलंत, ते कसं केलंत. मला कोणी ओळखायचं नाही. एकदा एकाने ओळख करून दिली, हे रुखवतवाल्या वहिनींचे मिस्टर. कचेरीतही माझ्या कामाकडे कोणी बघून छान म्हटल्याचं मला आठवत नाही. फायली कोण बघतं? मी मग पंगतीला न थांबता घरी यायचो. आठवतं?"

आठवत होतं. "पोट बिघडलंय म्हणायचात."

"बिघडलं नव्हतं गं. दुखत होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या लग्नांतून मी घरी आल्यावर ह्यांना ओव्याचं पाणी करून दिलं होतं, मऊ भात टाकला होता. आणि हे गुपचूप तो खायचे. मला हसू आलं, पण त्याच्या आधी मला फार बरं वाटलं होतं, हेही खरं. कोणीतरी माझ्यावर इतकं जळलं होतं! आणि मला पत्ताच नव्हता.

त्या बोलण्याने माझं जळणं थांबलं असं मात्र नाही. उलट मला वाटायला लागलं की मीही हातोडी धरली तर ह्यांच्या वरचढ करून दाखवीन. हे गावी भात झोडायला गेले तेव्हा मी गुपचूप पाटी घेतली, मोराची आकृती काढली. रंग माझे अगदी बिनचूक होते. पण चुका ठोकताना हातोडी घसरायची, एक सरळ तर दुसरी तिरकी, अंगठा काळानिळा झाला. आणि दोरा मी क्रोशाच्या सवयीने इतका घट्ट ओढायची की खिळे आत झुकायचे आणि आधीचे दोरे सैल पडायचे. मोर पुरा केला, हट्टाने केला. लांबून रंग सुरेख दिसत होते. जवळून मोर पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखा होता.

हे गावाहून आले, मोर बघितला आणि म्हणाले, "छान झालाय."

तो आवाज मी ओळखला. बदामाच्या वेळी माझा होता तोच. मी मोर उतरवून पलंगाखाली सरकवला.

माघात शेजारच्या वहिनींच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवत आता तयार मिळतं, भाड्यानेही आणतात. वहिनींनी तसंच आणायचं ठरवलं होतं. पण वर-वधूच्या नावांची पाटी मात्र त्यांना ह्यांच्याकडून हवी होती. विचारायला आल्या, तेव्हा मी बाजूलाच बसले होते. हे म्हणाले, "अक्षरं मी करतो वहिनी. रंग ही सांगेल. ती नसेल तर मी करणार नाही."

मला नाही म्हणायचं होतं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. शालू घ्यायला मीच त्यांच्याबरोबर गेले होते, त्याचा रंग डोळ्यांसमोर होता. "शालू बाटली हिरवा आहे," मी म्हटलं. "खाली तो घालू, वर मोहरीसारखा पिवळा. कडेला डाळिंबी."

मग आम्ही दोघं एकाच पाटीशी बसलो. हे चुका ठोकायचे, दोरा ओढायचे. मी समोर बसून "आता बदला" म्हणायची. भांडणं झालीच. ह्यांना डाळिंबी जास्त हवा, मला कमी. दोन अक्षरं मी पार उसवायला लावली. हे चिडून पायरीवर जाऊन बसले आणि पुन्हा येऊन भरायला लागले. पाटी पुरी झाली, तेव्हा दोघांनीही बराच वेळ काही दोष काढला नाही.

लग्नात पाटी रुखवताच्या मधोमध ठेवली होती. हे नवरदेवाकडच्या मंडळींबरोबर जेवायला गेले आणि मी साडीचा पदर सावरत त्या टेबलापाशी रेंगाळले. उगाच नव्हे, मुद्दामच. चिपळूणकडची एक बाई आली, पाटीवर वाकली, बोटाने दोरे हलकेच चाचपले.

"हे कोणी केलंय हो?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं. मग थांबले. "रंग माझे आहेत."

"हो का? अक्षरं काय सुबक आहेत! माझ्या मुलाचं लग्न आहे वैशाखात. त्यांचा नंबर द्याल?"

मी तिला ह्यांचा नंबर दिला. सगळे आकडे बरोबर दिले. मग पंगतीत ह्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे जाऊन बसले. हे मठ्ठा पीत होते.

"एका बाईने तुमचा नंबर नेलाय," मी म्हटलं. "पाटी हवीय तिला."

"काय म्हणाली?"

वाढपी जिलेबी घेऊन आला. मी पानात वाढून घेतली.

"रंग फार आवडले म्हणाली," मी सांगितलं.